पहिल्या पंगतीतले पंजाबराव

"उपाशीपोटी गोळी घेऊ काय मंग मी? आतडे जळतीन ना माये, मॅडम! तुमीच तं सांगतलं होतं, जेवन झाल्यावर घ्या मनून."

"सांगितलं होतं. मग?"

"मंग जेवनच झालं नाई तं गोळी कशी घेऊ?"

डॉक्टर चारुशीलाबाईंनी टेबलावरच्या पट्ट्या बोटाने पुढे सरकवल्या. दीड महिन्यापूर्वी लिहून दिलेल्या गोळ्या. त्यातल्या पाच-सहाच काय त्या फुटलेल्या, बाकी जशाच्या तशा, नुसत्या खिशात राहून राहून मळलेल्या.

"दीड महिना जेवलाच नाहीत, पंजाबराव?"

"शीजन हाये ना मॅडम. रोज कुठं ना कुठं रोडगे. शेवटची पंगत उठेपरेंत माह्या तोंडात पान्याचा थेंब जात नाई, साऱ्या तालुक्याले मालूम हाये. पंगती उठतात दिवस बुडता बुडता. मंग मी खातो उभ्या उभ्या, जे भेटन ते. तवा कोनाले याद राह्यते गोळीची?"

बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या दुर्गाबाईंचा पदर डोक्यावरून घसरला. "अवो मॅडम, रोज इचारलं म्या याइले. गोळ्या हायेत का जी? हायेत मने!"

"मंग काय खोटं बोललो? तू इचारलं, हायेत का. होत्याच ना खिशात."

दाराला टेकून उभा असलेला नितेश, त्यांचा थोरला, हे ऐकून हसला नाही. तो इथेच, अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये मशीन सांभाळतो. अर्धा दिवस रजा टाकून बापाला घेऊन आला होता आणि येताना आईजवळ शपथेवर बोलला होता, की आज डॉक्टरीनबाईच्या तोंडून एकदाचं वदवून घेतो, बुढ्याची आर बंद.

आर म्हणजे निखारे, आणि पंजाबराव म्हणजे आर. दर्यापूर, अंजनगाव, इकडे मूर्तिजापूरपर्यंत कुठल्याही गावात देवाचं जेवण असलं की आधी पंजाबरावांची तारीख घेतात, मग देवाची. घरी चारजणांचे रोडगे कोणीही भाजतो. पाचशे-सातशे माणसांचे भाजणं हे येरागबाळ्याचं काम नाही. जाड दळलेल्या गव्हाची कणीक, तिच्या पुऱ्या एकावर एक ठेवायच्या, मधे तेलाचा हात फिरवायचा, सगळ्या एका गोळ्यात बंद करायच्या आणि तो गोळा गोवऱ्यांच्या जगऱ्यात पुरायचा. जगरा म्हणजे पेटवून बसवलेला गोवऱ्यांचा ढीग, वीस-वीस हात लांब. धूर गेला पाहिजे पण धग राहिली पाहिजे. धग जास्त झाली तर रोडगा वरून कोळसा आणि आतून कच्चा. कमी झाली तर दगड. पंजाबराव त्या ढिगाच्या कडेनं नुसते चालत जातात आणि बोट दाखवतात, इथला काढा, तिथला राहू द्या. अठ्ठावन्न वर्षांचा सडसडीत माणूस, डाव्या कानानं बहिरा. बोटांची कातडी अशी की निखारा उचलून बिडी पेटवून देतात दुसऱ्याला. स्वतः पीत नाहीत.

आणि त्यांचा नेम. शेवटचा माणूस जेवून उठल्याशिवाय पाणी नाही. लोक पोरांना दाखवत, पाय रे, याले मनतात सेवा. एका गावानं तर त्या नेमासाठी त्यांना शाल-नारळ दिलं होतं.

मार्गशीर्षात त्या नेमानं घात केला. एका गावी दुपारी तीनचं ऊन, पोटात सकाळपासून काही नाही, पंजाबराव जगऱ्याच्या कडेला वाकले आणि तसेच पुढे गेले. चंदननं, म्हणजे त्यांच्या हाताखाली वीस वर्षं राबलेल्या गड्यानं, धोतराचा सोगा धरून मागं ओढलं म्हणून तोंड वाचलं. उजवा दंड भाजला. अकोल्याला आणलं तेव्हा बीपी दोनशे दहा आणि साखर विचारायची सोय नव्हती. आज दीड महिन्यानं बीपी एकशे नव्वद.

"हे पाहा," डॉक्टरीनबाई म्हणाल्या, "बीपीची ही गोळी उपाशीपोटी घेतली तरी आतडं जळत नाही. सकाळी उठल्याबरोबर पाण्यासोबत घ्या, विषय संपला. साखरेची मात्र जेवणासोबतच घ्यावी लागेल. आणि खरा घोळ तिथं आहे. दिवसभर उपाशी राहायचं आणि संध्याकाळी पाच मिनिटांत सहा-सहा रोडगे गिळायचे. यानं साखर कोणत्याच गोळीला ऐकणार नाही. दहा-अकराच्या सुमारास बसून सावकाश जेवायचं. कामाच्या दिवशीसुद्धा. पंधरा दिवसांनी आकडा खाली आला नाही, तर जगऱ्याजवळ उभं राहायची परवानगी मी देणार नाही. मूत्रपिंडावर परिणाम दिसायला लागलाय."

"दर्यापुराकडचं जेवन हाये ना मॅडम पंधरा दिवसांनी! सातशे मानसाचं!"

"मग पंधरा दिवस आहेत तुमच्याजवळ."

"मॅडम," नितेश पुढे आला, "तुमी आजच बंद करा ना त्याइचं. नाई तरी कोनतं अडून राहिलं? खाले हाये, प्याले हाये."

पंजाबरावांनी मुलाकडे पाहिलं नाही. खिशातून रुमाल काढून भाजलेल्या दंडावरून फिरवला. "आर सोडून मंग काय करू बाप्पा मी? वट्ट्यावर बसून रस्ता मोजू?"

दुर्गाबाईंना दोन्हीकडचं पटत होतं. हा माणूस जगऱ्यात पडून मेला तरी वाईट, आणि जगऱ्याशिवाय घरी बसला तर तो असाही वर्षभरात जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चारुशीलाबाई मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडकल्या होत्या. "कामाच्या दिवशी नेम म्हणता. पण घरी असता तेव्हा? बसून जेवता ना?"

बोलल्या त्या दुर्गाबाईच. "घरी बी नाई, मॅडम. लगन झालं तवापासून पायते मी, बत्तीस वर्सं झाले. ताट हातात घेतात अन् गोठ्यात जातात. उभ्या उभ्या, ढोराइकडं तोंड करून. पयल्या साली मले वाटे, माह्या हातचं आवडत नाई काय. लय रडली मी तवा. मंग सासू मने, सवय हाये त्याची, तू मनावर घेऊ नोको."

"नेम देवाचा आहे का हा?" डॉक्टरीनबाईंनी सरळ पंजाबरावांनाच विचारलं. "की लहानपणीचं काही?"

बाहेर कोणीतरी लोखंडी स्टूल ओढलं. फरशीवर कर्रकन आवाज झाला आणि पंजाबराव खुर्चीतून अर्धे उठले, मग पुन्हा बसले. दुर्गाबाईंना त्यात नवल नव्हतं. घरात थाळी पडली की हा माणूस अंगणात असतो. पहाटे तीनच्या पुढे झोप नाही, आणि पोटातली आग विझवायला रोज सोड्याची पुडी. हे सगळं त्या आजवर स्वभावाच्या खात्यात टाकत आल्या होत्या.

"देवाचा नाई," पंजाबराव म्हणाले. "मोठेबाबाचा."

मग त्यांनी सांगितलं. सांगताना आवाज असा होता, की बाजारात तुरीचा भाव सांगावा.

चौथी झाल्यावर बापानं त्यांना पुढच्या शाळेसाठी अंजनगावला थोरल्या चुलत्याकडे ठेवलं. वऱ्हाडात घरोघर ठेवतात, त्यात वावगं काही नाही. मोठेबाबा आडत दुकानवाले, कोठीत गहू, फडताळात गूळ, दावणीला आठ ढोरं. पोरगं सकाळी ढोरांचं करी, शाळेत जाई, परत येऊन ढोरांचं करी. संध्याकाळी पाटावर बसायचं. मोठेबाबा डाव्या हाताला. ताट पुढ्यात आलं की प्रश्न सुरू. पावकीचा पाढा म्हण. दिडकीचा म्हण. तांबड्या बैलानं किती पाणी पेलं? दोर कुठं ठेवला? चुकलं की डाव्या कानावर हात पडे आणि ताट पुढून सरके. दुसऱ्यांदा चुकलं तर ताट उचलून ठेवत. मोठीआई चुलीजवळून उठून आत निघून जाई. पाच वर्षं असं. डाव्या कानातून आधी पू आला, मग आवाज यायचा बंद झाला.

"मग खायचात काय तुम्ही?"

"ढेप. ढोराची. सरकीची ढेप लय चांगली लागते मॅडम, भिजवलेली. गोठ्यात अंधार राह्ये. कोनी पायत नाई, कोनी इचारत नाई. उभं राहून खायचं, कोनी आलं तं ढोराच्या आंगावर हात फिरवून राहिलो असं दाखवायचं."

"वडील येत नव्हते कधी?"

"ये ना दिवाळीले. पायलं त्यानं मले. मने, वा, पोट्टं सुधरलं, चूप बसाले शिकलं."

चौदाव्या वर्षी ते तिथून पळाले. एका गावी मारुतीचं जेवण चाललं होतं, तिथं उकर्डा नावाचा म्हातारा जगरा लावत होता. भुकेलं पोरगं पाहून तो म्हणाला, जा, पंगतीत बस. पोरगं बसेना. म्हातारा म्हणाला, नाही बसत तर ये, गोवऱ्या दे. आणि संध्याकाळी पंगती उठल्यावर त्यानं चार रोडगे हातात दिले आणि पाठ फिरवून भांडी मोजायला गेला. पंजाबरावांना तेवढंच पाहिजे होतं. जगऱ्याजवळचा माणूस सगळ्यात शेवटी खातो, उभ्यानं खातो, आणि त्याच्या ताटाकडे कोणी पाहत नाही. असं दुसरं काम त्यांना साऱ्या मुलखात दिसलं नाही.

"तेच काम धरलं मी. लोकाइनं त्याले नेम मनलं. म्या बी मनू देल्लं."

चारुशीलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे याआधी कोणत्या डॉक्टरला सांगितलं होतं?"

"कोनी इचारलंच नाई. बीपी मोजाचे अन् गोळी द्याचे."

"आम्ही विचारायला पाहिजे होतं. लहान वयात वर्षानुवर्षं मार, उपास आणि भीती असली, की शरीर त्याच बेतानं वाढतं, पंजाबराव. संकट कधीही येईल असं धरून चालतं. रक्तदाब चढता, झोप कच्ची, पोटात सारखी आग. मारणारा माणूस जातो, पण ते शरीराला कोणी कळवत नाही. सगळ्यांचंच असं होतं असं मी म्हणत नाही. तुमच्या बीपीला मीठ आहे, वय आहे, धग आहे. पण हेही आहे."

पंजाबरावांनी थोडा विचार केला. "मंजे असं मना ना. वावरातले रानडुकरं कवाचेच गेले, अन् जागल्या अजून माळ्यावर बसून डबा वाजवून राहिला."

डॉक्टरीनबाई मोठ्यानं हसल्या. "अगदी तसंच."

"त्याले खाली कसं उतरवाव मंग?"

"थोडा गोळीनं उतरेल. बाकी तुम्हाला उतरवावा लागेल. आमच्याकडे एक ताई दर बुधवारी बसतात, त्यांच्याशी बोललात तर सोपं जाईल. आणि रोज बसून जेवा."

"बुधवारचं पाहू," पंजाबराव म्हणाले. वऱ्हाडी माणूस 'पाहू' म्हणाला की त्यातलं निम्मं नाही असतं, पण निम्मं हो पण असतं.

परतीच्या एसटीत नितेश नव्हता. स्टँडवर सोडून तो कामावर गेला. जाताना त्यानं बापाच्या पिशवीत केळी घातली. लहानपणी नितेश जेवायला बसला की बाप उठून बाहेर जाई. त्याला वाटत आलं, की बापाला आपलं तोंडही पाहवत नाही. आज ते वाटणं कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

दुर्गाबाई मात्र मूर्तिजापूरपर्यंत धुमसल्या आणि मग फुटल्या. "तुमी मले कानाचं काय सांगतलं होतं?"

"काय सांगतलं होतं?"

"निंबावरून पडलो मने! आंगनातल्या निंबावरून! बत्तीस वर्सं त्या झाडाले कोसलं म्या. पोराइले चढू देल्लं नाई. आपली रागिनी चढली तं तिले झोडपली. दोन फांद्या तोडून टाकल्या त्याच्या!"

"फांद्या तं बाप्पा वाकड्याच होत्या."

"हासू नोका. झोडपली मी पोरीले, तुमच्या लबाडीपाई."

यावर पंजाबरावांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "म्या नाई कवा हात उचलला पोराइवर."

"तेवढंच केलं तुमी," दुर्गाबाई म्हणाल्या. मग थोडं अंतर गेल्यावर त्यांनाच वाटलं, की हे 'तेवढंच' काही कमी नाही. आजूबाजूच्या घरांतले बाप त्यांनी पाहिले होते. ज्याला जे मिळालं तेच तो पुढे वाटत होता. हा एक गडी असा निघाला, की त्यानं आलेलं सगळं स्वतःच्या पोटात ठेवलं आणि बाहेर वाटले ते रोडगे. पण हे नवऱ्याला सांगायची त्यांना रीत माहीत नव्हती. त्यांनी एक केळं सोलून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांनी पाट मांडला. पंजाबराव बसले, दोन घास घेतले आणि उठले. कपाळावर घाम, पौष महिन्यात.

तिसऱ्या दिवशीही तसंच. दुर्गाबाई काही समजावायला गेल्या नाहीत. त्यांचं डोकं दुसरीकडे चाललं होतं. नवरा बसला की त्याची नजर डावीकडे जाते, हे त्यांनी हेरलं होतं. चौथ्या दिवशी त्या तूरडाळ निवडायचं सूप घेऊन त्याच्या डाव्या हाताला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. ताटाकडे पाहिलं नाही. भाजी कशी झाली विचारलं नाही. डाळीतले खडे वेचत राहिल्या आणि शेजारच्या पार्बताबाईच्या म्हशीबद्दल बोलत राहिल्या, ती बहिऱ्या कानाला ऐकू जाते की नाही याची पर्वा न करता.

"काय मनून राहिली तू? मले या कानानं आयकू येते काय?"

"नोका आयकू. जागा भरून राहिली मी."

त्या दिवशी अर्धी भाकर गेली. आठव्या दिवशी एक. दहाव्या दिवशी मांजरीनं फडताळावरचा डबा पाडला आणि पंजाबराव अंगणात. तो दिवस वाया गेला. एकदा तर ते चिडले, "इचिन, मसनात जावो ते गोळी अन् ते जेवन, मी कायले लहान लेकरू हावो?" आणि ताट घेऊन गोठ्यात निघून गेले. दुर्गाबाई मागं गेल्या नाहीत. अकराव्या दिवशी ते स्वतःच पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "आन तुहं सूप."

पंधराव्या दिवशी उपकेंद्रातल्या नर्सबाईनं पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस. नितेशनं तो आकडा फोनवर डॉक्टरीनबाईंना कळवला. त्यांचा निरोप आला, काम करा, पण मधे बसून जेवलात तरच. चंदननं कडेची धग सांभाळायची, वाकायचं त्यानं. नाहीतर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका.

तर माघातलं ते सातशे माणसांचं जेवण. दर्यापूरच्या अलीकडचं गाव, मंदिरामागचं मोकळं आवार. पहाटेपासून जगरा लागला होता. अकरा वाजता पहिला घाणा निघाला, फडक्यानं राख झटकून टोपल्यात गेला. दुसरा घाणा पुरला. वांग्याच्या भाजीचा कढ चढला, आणि पहिल्या पंगतीच्या पत्रावळ्या पडल्या. पंजाबरावांनी हात धुतले आणि येऊन रांगेच्या टोकाला मांडी घालून बसले.

आवारातली कुजबुज आधी थांबली, मग वाढली. जेवणाचे कर्ते वामनराव, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत आले. "काय गा पंजाब? पयल्या पंगतीत? नेम मोडला काय रे बावा?"

"हाव."

"अबे, तुह्या नेमावर बरकत हाये आमच्या जेवनाची. बापजाद्यापासून रोडगेवाला साऱ्याइच्या मांगून जेवते. चाळीस वर्सं तू पाळलं अन् आज काय झालं?"

एवढ्यात दुर्गाबाई बायांमधून उठून आल्या आणि नवऱ्याच्या डाव्या हाताला बसल्या. पुरुषांच्या पंगतीत. आता तर मागच्या पोरी खिदळायलाच लागल्या.

"दुर्गे, बायाइची पंगत मांगून हाये," वामनराव म्हणाले.

"मी कुठं जेवाले बसली, मामंजी? पत्रावळ हाये काय माह्यापुढं? जागा धरून राहिली मी."

"कोनाची जागा?"

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अजून उठता येण्यासारखं होतं. 'गंमत केली' म्हणून हसता येण्यासारखं होतं, आणि नेम, शाल, नारळ सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पंजाबरावांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले. दुर्गाबाईंना वाटलं, उठले. आता उठलेच.

"मामा," पंजाबराव म्हणाले, बसल्या बसल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तो नेम नवता. भेव होतं. लहानपनी ताटावर मार खाल्ला मी, पाच वर्सं. तवापासून बसून जेवन घशाखाली उतरत नवतं. तुमी त्याले नेम मनलं, शाल देल्ली, म्या घेतली. लबाडी झाली ते माही. आता डाक्टरीन मनते बसून जेव, नाई तं आर सोड. आर मी सोडत नाई. मनून बसलो. वाढता का उठू?"

रांगेत मधेच बसलेला एक पन्नाशीचा शेतकरी मान खाली घालून पत्रावळीची काडी मोडत राहिला. वामनरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हातारा हट्टी होता, पण आतून नासलेला नव्हता. "वाढा ना बे!" ते वाढणाऱ्या पोरांवर ओरडले. "मानूस पत्रावळीवर बसला अन् तुमी तोंडं काय पायता?"

एका हातात भाजीचं बकेट आणि दुसऱ्या हातात रोडग्यांचं-तुपाचं ताट घेऊन नितेशच येत होता. सुट्टी काढून सकाळी आला होता. तो बापाजवळ पोचला तेव्हा त्याची सावली पत्रावळीवर पडली आणि पंजाबरावांचा डावा खांदा कानाकडे चढला. दुर्गाबाईंनी ते पाहिलं. नितेशनंही पाहिलं. तो थांबला, बकेट आणि ताट खाली ठेवलं आणि मातीत उकिडवा बसला, बापाच्या डोळ्यांच्या खाली डोळे येतील असा. बसल्या बसल्या त्यानं रोडगा ठेवला, फोडला, वर तूप सोडलं, बाजूला भाजी घातली.

"जास्त तूप नोको," पंजाबराव म्हणाले. "साखर वाढते."

"तुपानं साखर नाई वाढत, बाबा."

"तुले लय कयते."

पहिला घास गेला. दुसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. दुर्गाबाई समोरच्या भिंतीकडे पाहत बसल्या आणि पार्बताबाईची म्हैस आटल्याची हकीकत सांगू लागल्या, जी त्या गावात कोणालाच माहीत असायचं कारण नव्हतं. पलीकडच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "मंग काय केलं म्हशीचं?" आणि पंगतीत हसू पसरलं. लोक आपापल्या पत्रावळीकडे वळले. पंजाबराव घाम पुसत, थांबत थांबत जेवत होते. एक रोडगा संपायला वीस मिनिटं लागली. अख्ख्या आयुष्यात इतका वेळ त्यांनी अन्नाला दिला नसेल. मग त्यांनी अर्धा आणखी मागून घेतला, साखरेची गोळी खाल्ली आणि पाणी प्यायले.

"कसा झाला?" शेजारच्या माणसानं उगाच विचारलं.

"कडेनं जरासक जास्त झाला," पंजाबराव म्हणाले. "आजपरेंत कोनी सांगतलं नाई मले. गरम गरम बसून खाल्ल्यावर समजते."

ते उठले. हात धुताना त्यांची नजर जगऱ्याकडे गेली. दुसऱ्या घाण्याच्या एका टोकाला वारा लागला होता आणि राख पांढरी पडली होती. चंदन तिथं उभा राहून पंगतीचा तमाशा पाहत होता.

"काबे चंदन! मी जेवत होतो, तू कायले थांबला? ते कोपरा पाय, जळून राहिला! उलटव ते!"

धोतराचा सोगा खोचत ते झपाझप निघाले. कडेला पोचल्यावर थांबले, वाकले नाहीत. लांब काठी घेऊन एक-एक रोडगा दाखवत गेले आणि चंदन काढत गेला. अजून पाच पंगती बाकी होत्या.

"हा काढ. तो राहू दे. गोवऱ्या आन रे कोनी तरी, तिसरा लावू."